भांडण पेटण्याआधी: वस्तीतल्या बायका आणि तरुणांना निर्णयाच्या जागी कसं आणायचं

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर शहरातल्या एका पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होती. वस्तीतल्या बचत गटांच्या वतीनं मी गेले होते. हजेरीच्या कागदावर चाळीसेक नावं, त्यात बायका चार, आणि पंचविशीच्या आतलं कुणीच नाही. चहा झाला, यंदाही सण शांततेत पार पाडू असं सगळ्यांनी सांगितलं. आठव्या दिवशी आमच्याच भागात मांडवाच्या जागेवरून दोन मंडळांच्या पोरांत हाणामारी झाली, एकाच्या डोक्याला सात टाके पडले. नंतर कळलं की त्यातल्या एका पोराच्या आईला चार दिवस आधीच कुणकुण लागली होती. नळावर ऐकलं होतं तिनं. पण सांगायचं कुणाला, हेच तिला ठाऊक नव्हतं.

ज्यांना आधी कळतं त्या बायका बाहेर आणि ज्यांच्या हातून घडतं किंवा थांबतं ती पोरंही बाहेर. मग समितीत बसून आम्ही रोखत काय होतो?

त्यानंतर पुण्याच्या पूर्व भागातल्या वस्त्यांमध्ये आणि महापालिकेच्या हद्दीत नव्यानं आलेल्या गावांमध्ये आम्ही जे करत गेलो, ते इथे क्रमानं मांडते आहे. मुख्य म्हणणं आधीच सांगते. शांततेची समिती वेगळी आणि पाणी-दिवे-शौचालयाची कमिटी वेगळी, असं करू नका. दोन्ही कामं एकाच गटाकडे द्या. सणाच्या आधी एकदा भेटणाऱ्या गटाचा फोन रात्री अकराला कुणी उचलत नाही. ज्या ताईनं गल्लीत दिवा लावून घेतला, तिचा फोन मात्र उचलला जातो.

हे आपल्यापुरतं नाही

कामाला लागण्याआधी थोडं मागचं सांगते, कारण वस्तीत कुणीतरी हमखास विचारतं, 'बायकांचं काय काम त्यात?' संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 31 ऑक्टोबर 2000 रोजी ठराव क्रमांक 1325 मंजूर केला. संघर्ष रोखण्यात आणि शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांचा बरोबरीचा सहभाग हवा, असं तो सांगतो. 9 डिसेंबर 2015 च्या 2250 क्रमांकाच्या ठरावानं हीच गोष्ट 18 ते 29 वयाच्या तरुणांसाठी म्हटली.

ठरावांपेक्षा मला पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची गोष्ट सांगायला आवडते, कारण ती मासळी बाजारात सुरू होते. 2003 मध्ये तिथे यादवी चालू असताना ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका एकत्र आल्या, पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळ रोज उन्हापावसात बसू लागल्या. घानामधल्या अक्रा शहरात बोलणी रेंगाळली, तेव्हा बोलणी चालू होती त्या दालनाच्या दारातच त्यांनी ठाण मांडलं, करार होईपर्यंत कुणाला बाहेर पडू देणार नाही म्हणाल्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये करार झाला. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या घरी गेल्या नाहीत. बाजारात बसणाऱ्या बायकांची नावं मतदार यादीत घालायला त्या गावोगाव फिरल्या. 2005 च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या, आफ्रिकेतल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला राष्ट्राध्यक्ष. भांडण थांबवणं आणि राज्यकारभारात जागा घेणं, दोन्ही त्याच बायकांनी केलं.

जवळचं उदाहरण भिवंडीचं. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं पोलिसांबरोबर नियमित बसू लागली, तीही रोजच्या बारीकसारीक तक्रारींसाठी. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

आणि आपलं पुणं? 2 जून 2014 च्या रात्री, फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून शहर तापलेलं असताना, हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या आयटीतल्या एका तरुणाचा जमावाच्या मारहाणीत जीव गेला. त्याचा त्या पोस्टशी काडीचाही संबंध नव्हता. ऑगस्ट 2025 मध्ये दौंड तालुक्यात यवतला पुन्हा एका पोस्टवरूनच जाळपोळ झाली. पोस्ट पडते आणि दगड उचलला जातो, यांच्या मधे काही तास असतात. आपलं सगळं काम त्या तासांसाठी आहे, पण ते करायचं असतं त्याआधीची काही वर्षं.

पहिली पायरी: भांडणांचा नकाशा

अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात फरशीवर खडूनं वस्तीचा नकाशा काढा. बायका आणि मुली एका दिवशी, मुलगे दुसऱ्या दिवशी. एकत्र बसवलं तर मुलगे बोलतात आणि बायका मान डोलावतात, हे आम्ही पहिल्या दोन वस्त्यांत अनुभवलं.

तीनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरातली भांडणं कुठे सुरू झाली? अंधार पडल्यावर तुम्ही कुठून जायचं टाळता? आणि भांडण झालं की सगळ्यात आधी कुणाला कळतं? उत्तरं नकाशावर खुणेनं मांडा, नावं लिहू नका.

दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की थक्क व्हायला होतं. एका वस्तीत मुलग्यांच्या नकाशावर सात खुणा होत्या: दोन मंडळं, वडापावची गाडी, रिक्षा स्टँड असं सगळं. बायकांच्या नकाशावर मुख्य खूण एकच, सार्वजनिक शौचालय. तिथला दिवा बंद, कडी तुटलेली, बाहेर बसणारी पोरं, त्यांच्यावरून एका मुलीच्या भावानं केलेली मारामारी, आणि ती मुलं वेगळ्या समाजाची निघाल्यावर त्याच मारामारीला मिळालेलं दुसरंच नाव. लोकांच्या लेखी ते धर्माचं भांडण झालं होतं. बायकांच्या लेखी ते अजूनही कडीचं आणि दिव्याचं होतं. मी बायकांचं मानते.

दुसरी पायरी: गटात कोण

दहा ते चौदा माणसं पुरतात. निम्म्या बायका, निम्मे तरुण, आणि तरुणांत निम्म्या मुली. हे शेवटचं मुद्दाम लिहिते आहे. 'युवक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कट्ट्यावरचे मुलगेच येतात, आणि अठरा-वीस वर्षांची मुलगी बायकांतही नाही आणि तरुणांतही नाही अशी मधल्यामधे हरवते.

माणसं शोधायला भाषण देऊ नका. बचत गटाच्या बैठकीला जा, भिशीला जा, ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जा, अभ्यासिकेत जा. आशाताई, अंगणवाडीताई, कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई यांना दारोदारची खबर असते. महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या समूह संघटिकेला भेटा, कुठला गट खरा चालतो आणि कुठला नुसता कागदावर आहे हे तिला पक्कं माहीत असतं.

कोणाला घ्यायचं याबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत. पुढाऱ्याच्या घरातल्या बाईला पहिल्या वर्षी घेऊ नका. ती चांगली असेलही, पण बाकीच्या गप्प बसतात. नेहमी बोलणाऱ्या सासूबरोबर एक नुकती लग्न होऊन आलेली सून घ्या, बाहेरून आलेल्या माणसाला वस्तीतलं खूप दिसतं. वस्तीत जितके समाज आहेत तितक्यांतली किमान दोन-दोन माणसं घ्या. एकटा प्रतिनिधी बिचारा सगळ्या समाजाच्या वतीनं उत्तरं देत बसतो. आणि ज्याच्यावर आधी एखादी केस झाली आहे असा एक मुलगा जरूर घ्या. पोलीस भरतीच्या किंवा नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत काय होतं, हे तो सांगतो तेव्हा बाकीची पोरं ऐकतात. आमच्या दहा बैठकांनी झालं नसतं ते एका पोराच्या 'माझी नोकरी त्या एका रात्रीत गेली' या वाक्यानं झालं.

वेळेचं आणि जागेचं मात्र नीट जमवा, कारण गट मोडतात ते इथेच. सकाळी पाण्याची वेळ, मग धुण्याभांड्याची पहिली कामं, दुपारी मुलांची शाळा, पाचला पुन्हा कामं. आमच्या भागात बायकांना मिळते ती दुपारी तीन ते साडेचार एवढीच फट. मुलग्यांना रात्री नऊनंतर. मग दोघांना एकत्र कधी बसवायचं? महिन्यातून एकदा रविवारी सकाळी अकरा, आणि बाकी दोन बैठका आपापल्या. बैठक एका तासात संपवायची, बोलणं राहिलं तरी. लहान मुलांना सांभाळायला दोन मुली ठेवायच्या, त्यांना त्या दिवसाचे पैसे द्यायचे. जागा पक्षाच्या कार्यालयात नको, कुठल्याही देवळाच्या किंवा मशिदीच्या आवारातही नको.

आणि घरी कळू दे. एका मुलीला वडिलांनी दोन महिने येऊ दिलं नाही. मग आम्ही चौघी त्यांच्या घरी जाऊन बसलो, रजिस्टर दाखवलं, बैठक कधी सुटते ते सांगितलं. पुढच्या रविवारी तेच तिला सोडायला आले.

तिसरी पायरी: कागद हातात देणं

भाषणाचं प्रशिक्षण नंतर. आधी चार कागद शिकवा: अर्ज, ठराव, इतिवृत्त आणि पोच. अर्ज दोन प्रतींत न्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचं नाही. ज्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा शिक्क्याची पोच घरी आणली, तिची चाल बदलते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज याच वेळी शिकवा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत तीस दिवस. हे काम तरुणांना आवडतं. आमच्या गटातली बारावीची मुलगी अर्ज लिहायची आणि तिची आजी पोच सांभाळायची.

बैठकीचं अध्यक्षपद दर वेळी फिरतं ठेवा. इतिवृत्त त्याच बैठकीत मोठ्यानं वाचून मगच सह्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

चौथी पायरी: पहिलं काम लहान घ्या

नकाशावरची सगळ्यात सोपी खूण उचला. दिवा, कडी, तुंबलेलं गटार. सहा आठवड्यांत होईल असंच काम हवं. महापालिकेच्या 'पीएमसी केअर' या तक्रार सेवेवर तक्रार टाका, शिवाय क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. मुलांनी फोटो काढायचे, बायकांनी कार्यालयात जायचं, आणि काम झालं की दोघांनी मिळून वस्तीला सांगायचं. शौचालयाच्या त्या दिव्याला आम्हाला पाच हेलपाटे पडले. दिवा लागला त्या संध्याकाळी, तिथे बसणाऱ्या पोरांपैकीच एकानं कडी स्वतःच्या पैशानं आणून बसवली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पाचवी पायरी: सत्तेच्या खुर्च्यांपर्यंत

इथे थांबलात तर गट म्हणजे फुकटात कामं करणारी मंडळी होऊन बसते. निर्णय जिथे होतात तिथे त्यांना न्यायलाच हवं.

महाराष्ट्रानं 2011 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. 2012 ची पुणे महापालिकेची निवडणूक त्या नियमानं झालेली पहिली. 15 जानेवारी 2026 रोजी झालेल्या निवडणुकीत 165 पैकी 83 जागा स्त्रियांसाठी होत्या. त्याआधी मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात तक्रार घेऊन कुठे जायचं, हे लोक विसरून गेले. ती सवय पुन्हा लावणं हे या गटांचं मोठं काम आहे.

नगरसेविकेला गटाच्या बैठकीला बोलवा. तिच्या पतीला किंवा दिराला नाही. ते आले तर आदरानं चहा द्या आणि प्रश्न ताईंनाच विचारा.

शहरात पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत आणि त्यांना जोडून प्रभाग समित्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29 अ नुसार त्या भागात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी वा समाजाधारित संस्थांच्या जास्तीत जास्त तीन प्रतिनिधींना प्रभाग समितीवर नेमता येतं, अट अशी की ते तिथले मतदार असावेत. त्या जागांवर आपल्या गटातली बाई किंवा तरुण जावा, यासाठी नगरसेवकांकडे लेखी ठराव द्या. याच अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद आहे, गावाला जशी ग्रामसभा तशी शहरातल्या मतदारांना क्षेत्रसभा. ती घ्या म्हणून मागणी करणारा अर्ज तुमच्या भागातला पहिलाच असण्याची दाट शक्यता आहे. म्हणूनच तो द्या.

पुण्यात 2006 पासून नागरिकांचं सहभागी अंदाजपत्रक आहे. साधारण पावसाळ्याच्या अखेरीस नागरिकांकडून कामं मागवली जातात: फुटपाथ, पथदिवे, बाकडी, शौचालयांची दुरुस्ती अशी. अर्ज भरतात ते बहुतेक सोसायट्यांमधले शिकलेले ज्येष्ठ, आणि ते भरतात हे चांगलंच आहे. पण वस्तीतल्या बायकांनी नकाशा करून ठेवला असेल, तर त्यांचा अर्ज आधीच तयार असतो. कुठला दिवा, कुठल्या खांबावर, आणि तो नसल्यामुळे काय झालं, हे त्या पुराव्यानिशी लिहू शकतात. जुलैतच तयारीला लागा.

हद्दीत आलेल्या गावांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे एक मोठं नुकसान झालं आणि त्यावर कुणी फार बोललं नाही. 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायत एका रात्रीत गेली. पंधरा-वीस वर्षं पंचायतीत निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्श्यानं बसणाऱ्या, ग्रामसभेत दारूबंदीवर, पाण्यावर तावातावानं बोलणाऱ्या बायका घरी बसल्या. टँकर, कचरा, जमिनीचे वाढलेले भाव, नव्यानं राहायला आलेले भाडेकरू विरुद्ध मूळ गावकरी, सगळा ताण तोच, पण बोलायची जागा नाहीशी. या माजी सदस्या आणि सरपंच म्हणजे तयार नेतृत्व आहे. तुमच्या गटाची सुरुवात त्यांच्यापासून करा.

जिल्ह्यात जिथे ग्रामपंचायत आहे तिथे वाट सोपी. वर्षाला किमान चार ग्रामसभा आणि ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची आहे. मतदार यादीत नाव असलेला अठरा वर्षांचा मुलगा ग्रामसभेचा पूर्ण सदस्य असतो, हे निम्म्या मुलांना माहीत नसतं. महिला ग्रामसभेतला ठराव मोठ्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आला का, हे एका तरुणानं आणि एका बाईनं मिळून तपासायचं.

मतदार नोंदणी मात्र गटाची कायमची जबाबदारी. आता वर्षात 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं माहेरच्या यादीतच राहतात, ती आधी बघा.

सहावी पायरी: अफवेची साखळी तोडणं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

अफवा दोन वाटांनी फिरते. मुलांच्या मोबाईलवरून आणि बायकांच्या तोंडून, नळ, शाळेचं फाटक, कामावर जाताना रिक्षा. म्हणून ती पकडायलाही हीच दोन माणसं लागतात. आमची पद्धत अशी. दर वीस-पंचवीस घरांमागे एक बाई आणि एक तरुण अशी जोडी. काही ऐकलं किंवा मोबाईलवर आलं, तर पुढे पाठवायचं नाही. जोडीदाराला सांगायचं. जोडीनं तीन गोष्टी विचारायच्या: कधीचं आहे, कुठलं आहे, स्वतः पाहिलेलं कुणी आहे का? जुन्या दंगलीचे, दुसऱ्या राज्यातले, कधी दुसऱ्या देशातले व्हिडिओ 'आत्ताचं, आपल्या चौकातलं' म्हणून फिरतात. व्हिडिओतल्या दुकानांच्या पाट्या, रिक्षांचा रंग, गाड्यांच्या नंबर प्लेट बघायची सवय लावा. पोरं यात फार पटकन तरबेज होतात.

व्हॉट्सॲपवर संदेशाशेजारी दोन बाण असतील तर तो पुष्कळ हातांतून आलेला आहे, असं समजा. वस्तीतल्या मोठ्या ग्रुपचे ॲडमिन कोण आहेत त्यांची यादी करून ठेवा, त्यांच्याशी आधीच बोला: आम्ही सांगितलं की ग्रुप तासाभरासाठी 'फक्त ॲडमिन' वर टाकायचा. हे आधी ठरलेलं असेल तरच त्या रात्री होतं. मुलांना कायदाही स्वच्छ सांगा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 196 समाजासमाजांत तेढ वाढवण्याबद्दल आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, कलम 353 अफवा पसरवण्याबद्दल. स्टेटस ठेवणं हेही प्रसिद्ध करणंच आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हा बचाव नाही.

खरी गोष्ट निघाली तर? तीही निघते. कधी खरंच कुणीतरी कुणालातरी मारलेलं असतं. तेव्हा 'काही झालं नाही' असं सांगू नका, विश्वास कायमचा जातो. काय झालं, पोलिसांत गुन्हा नोंदला का, जखमी कुठे आहे, एवढंच दोन ओळींत सांगा. दोन्ही समाजांतल्या दोन बायकांनी मिळून आवाजात बोलून पाठवलेला निरोप लिखित मजकुरापेक्षा जास्त ऐकला जातो, कारण आवाज ओळखीचा असतो.

सातवी पायरी: सणांचं कॅलेंडर

जानेवारीत वर्षाचं कॅलेंडर मांडा: शिवजयंती, आंबेडकर जयंती, पालखी, मोहरम, गणपती, ईद-ए-मिलाद, नवरात्र. कुठले सण जवळ येतात, मिरवणुका कुठल्या चौकात कितीला पोहोचतात, ते लिहा. 28 सप्टेंबर 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजानं जुलूस पुढच्या तारखांना घेतले. ते आधी बसून ठरलं म्हणून झालं.

मांडवाची जागा, स्पीकरची वेळ, वर्गणीची सक्ती या गोष्टी दोन महिने आधी बोलून घ्या आणि त्या बैठकीत मंडळाच्या अध्यक्षांबरोबर पथकातल्या मुलींनाही बसवा. शांतता समितीवर गटातली किमान एक बाई आणि एक तरुण घ्यावा, असं पत्र वरिष्ठ निरीक्षकांना द्या, पोच घ्या. महिला दक्षता समिती असते तिथेही नावं सुचवा.

त्या रात्री

तणाव झालाच तर कोण काय करणार, हे कागदावर असू द्या आणि वर्षातून दोनदा उजळणी करा.

पहिला फोन 112 ला. त्यानंतर बीटच्या, म्हणजे आपल्या भागाच्या, पोलीस अंमलदाराला. जोड्यांनी आपापल्या घरांतली मुलं आत घ्यायची. हे काम आया करतात, दुसरं कुणी करू शकत नाही. गल्लीच्या तोंडाशी दोन्ही समाजांतल्या वयानं मोठ्या बायका बसतात, बोलत बसतात, बस्स. पण दगड हातात आलेला असेल, हत्यार दिसलं असेल, तर कुणीही मधे जायचं नाही. बायकांना ढाल म्हणून पुढे करायचं नाही. आमचा हा नियम आहे आणि तो मोडण्याची परवानगी कुणालाच नाही. व्हिडिओ काढला तर तो फक्त पोलिसांना, ग्रुपवर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाण्याच्या वेळी नळावर जाऊन थांबा. रात्रीचं भांडण तिथे पुन्हा सुरू होतं किंवा तिथेच संपतं.

ज्या गोष्टी गटानं मिटवायच्या नाहीत

2007 मध्ये 15 ऑगस्टपासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांधाचे, भाऊबंदकीचे असंख्य वाद गावातच मिटले. मिटवण्याची ही सवय चांगली. पण तिची एक काळी बाजू मी पाहिली आहे. नवऱ्यानं मारलेल्या बाईला चारचौघांत बसवून 'घ्या सांभाळून' म्हणतात, आणि तडजोड झाली म्हणून टाळ्या वाजवतात. घरातल्या हिंसेसाठी 2005 चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, पोलिसांचा भरोसा सेल आहे. बाईला तिथपर्यंत सोबत करा, निवाडा करू नका. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, तिथे मिटवणं हाच गुन्हा. आणि मुलामुलीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून कुटुंबाला वाळीत टाकायची भाषा कुणी काढली, तर 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याचं नाव तिथल्या तिथे घ्या. आपला गट जातपंचायत होता कामा नये.

गट टिकवायचा कसा

तरुण जातात. नोकरी लागते, लग्न होतं, भाड्याचं घर बदलतं. म्हणून दर वर्षी जूनमध्ये तीन-चार नवी मुलं घ्या. जवळच्या महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा, स्वयंसेवकांना वर्षाला 120 तास काम करायचं असतं, मतदार नोंदणी आणि नकाशा हे त्यांना सोपं पडतं. वस्तीतली मुलं आणि कॉलेजमधली मुलं यांच्या जोड्या लावा, नाहीतर बाहेरची मुलं शिकवायला येतात आणि घरची ऐकायला बसतात.

दर सहा महिन्यांनी रजिस्टरमधून पाचच आकडे काढा: किती बैठका झाल्या, किती बायका स्वतः बोलल्या, किती अर्जांची पोच आहे, त्यातली किती कामं झाली, आणि किती वेळा कुणीतरी आधी येऊन सांगितलं. शेवटचा आकडा मी सर्वांत आधी बघते. पहिल्या वर्षी तो दोन होता.

नळावर ऐकलेली गोष्ट मनात ठेवून बसलेली ती आई आता तिच्या भागाच्या शांतता समितीवर आहे. रजिस्टर गेल्या जूनमध्ये एकोणीस वर्षांच्या एका मुलीकडे दिलं. तिनं पहिल्याच आठवड्यात बैठकीची वेळ अकराऐवजी दहा केली, कारण रविवारी साडेअकराला तिच्या मैत्रिणींना केटरिंगच्या कामावर जायचं असतं. हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.